नोकरी सोडून जर्मनीला शिकायला जाण्याआधी

चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने आहेत, नाशिकच्या सातपूरला बॉशचा आहे, आणि अशा कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या भोसरीपासून वाळूजपर्यंत पसरलेल्या आहेत. या पट्ट्यात तीन-चार वर्षं नोकरी केलेल्या इंजिनीअरच्या मनात जर्मनीत मास्टर्स करायचा विचार आला तर त्यात नवल काहीच नाही. तिथल्या कंपन्यांचं काम त्याने जवळून पाहिलेलं असतं. तिथली सरकारी विद्यापीठं बहुतांशी शिक्षणशुल्क घेत नाहीत, हेही त्याला ठाऊक असतं. आज जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे.

निवड करायची वेळ आली की बहुतेकजण आधी विद्यापीठांची जागतिक क्रमवारी उघडतात आणि वरची आठ-दहा नावं लिहून काढतात. म्युनिक, आखेन, कार्ल्सरुहं, बर्लिन. मग त्या विद्यापीठांत आपल्या पदवीशी नाव जुळणारा अभ्यासक्रम शोधतात. हा क्रम उलटा आहे. जर्मनीत प्रवेश मिळतो तो अभ्यासक्रमाला, आणि तो ठरतो तुम्ही पदवीला नेमके कोणते विषय किती खोलवर शिकलात यावर. एकाच विद्यापीठात एका अभ्यासक्रमाला सहज प्रवेश मिळावा आणि शेजारच्या विभागाने नकार द्यावा, असं तिथे नेहमी घडतं. म्हणून आधी अभ्यासक्रम निवडायचा, विद्यापीठ त्याच्या मागोमाग येतं. नोकरी सोडून जाणाऱ्याला तर हे आणखी लागू आहे, कारण चुकीच्या निवडीत त्याचा दोन वर्षांचा पगारही जातो.

मास्टर्सचे दोन प्रकार

जर्मनीत मास्टर्स दोन प्रकारचं असतं आणि हा फरक इकडे फार थोड्यांना माहीत असतो. पहिला प्रकार ‘कोन्झेकुटिफ’. म्हणजे पदवीच्या अभ्यासावर थेट उभा राहणारा. सरकारी विद्यापीठांत तो बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्काशिवाय असतो. दर सत्राला साधारण शंभर ते चारशे युरो एवढंच सत्रयोगदान भरावं लागतं. दुसरा प्रकार ‘वायटरबिल्डेंड’. हा नोकरी केलेल्यांसाठी आखलेला असतो. त्याला पदवीनंतरचा, साधारणपणे किमान एक वर्षाचा, संबंधित क्षेत्रातला अनुभव लागतो आणि त्याचं शुल्क काही हजार युरोंपासून थेट दहा हजारांच्या कितीतरी पुढे जातं. एमबीए बहुधा या प्रकारात मोडतं.

चार वर्षांच्या अनुभवाचं नेमकं काय करायचं आहे, हा प्रश्न इथेच सोडवावा लागतो. ज्याला तांत्रिक विषयात आणखी खोल जायचं आहे, समजा गिअरबॉक्सच्या डिझाइनकडून बॅटरीच्या उष्णता-नियंत्रणाकडे वळायचं आहे, त्याने पहिल्या प्रकाराकडे पाहावं. तिथे अनुभवाला प्रवेशात फारसं वजन नसतं. निवड समिती गुणपत्रिका आणि विषय पाहते. ज्याला व्यवस्थापनाकडे जायचं आहे आणि अनुभव हेच ज्याचं भांडवल आहे, त्याला दुसरा प्रकार योग्य. मात्र त्यातले बरेच अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करायचे, शनिवार-रविवारी वर्ग भरवणारे असतात, आणि विद्यार्थी म्हणून राहण्याचा परवाना साधारणपणे पूर्णवेळ शिक्षणासाठी मिळतो. त्यामुळे भारतातून जाणाऱ्याने ‘पूर्णवेळ’ हा शब्द आधी शोधावा.

प्रवेशाचं गणित

युरोपात अभ्यासाचं मोजमाप श्रेयांकांत होतं. एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे साधारण २५ ते ३० तास: वर्ग, प्रयोगशाळा, घरचा अभ्यास, परीक्षा, सगळं धरून. एका सत्राला ३० श्रेयांक, म्हणजे ७५० ते ९०० तासांचं काम. पदवी आणि कोन्झेकुटिफ मास्टर्स मिळून ३०० श्रेयांक भरावेत, असा नियम आहे. म्हणून १८० श्रेयांकांच्या पदवीवर १२० चं चार सत्रांचं मास्टर्स येतं, आणि २१० च्या पदवीवर ९० चं तीन सत्रांचं.

आपल्या तीन वर्षांच्या बीएस्सी किंवा बीसीएस झालेल्यांनी हे गणित नीट पाहावं. तीन सत्रांचं मास्टर्स लवकर संपतं म्हणून आकर्षक दिसतं, पण ते पदवीचे २१० श्रेयांक मागतं आणि तीन वर्षांची पदवी तिथवर पोहोचत नाही. शिवाय भारतातली तीन वर्षांची पदवी मास्टर्सला पुरेशी धरायची की नाही, याचं उत्तर विद्यापीठागणिक वेगळं मिळतं. अशा विद्यार्थ्याने कागदपत्रं पाठवायच्या आधीच त्या विभागाला ईमेल लिहून विचारावं. जर्मन विभाग अशा सरळ, मुद्देसूद प्रश्नांना उत्तरं देतात.

यापुढची पायरी विषयांची. बऱ्याच अभ्यासक्रमांच्या प्रवेश-नियमांत स्पष्ट लिहिलेलं असतं: गणिताचे इतके श्रेयांक, मेकॅनिक्सचे इतके, प्रोग्रॅमिंगचे इतके. समितीतला प्राध्यापक तुमची गुणपत्रिका समोर ठेवतो आणि प्रत्येक विषय कुठे बसतो ते पाहतो. आपल्या गुणपत्रिकेवर ‘इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्स थ्री’ एवढंच लिहिलेलं असतं. पुण्यात ज्याला सगळे एम-थ्री म्हणतात त्यात लाप्लास रूपांतर, सदिश कलनशास्त्र, अवकल समीकरणं असं काय काय शिकवलं हे त्या प्राध्यापकाला कळणार कसं? म्हणून आपल्या बॅचचा सविस्तर सिलॅबस, तासांच्या संख्येसह, कॉलेजकडून शिक्का मारून घेणं फार मोलाचं ठरतं. सिलॅबस दर काही वर्षांनी बदलतो, तेव्हा आपल्याच वर्षाचा पॅटर्न घ्यावा.

गुणांचं रूपांतरही समजून घेण्यासारखं आहे. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण आणि ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी. रूपांतरासाठी ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात: जास्तीत जास्त शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. दहाच्या श्रेणीत उत्तीर्णतेला ४ लागतात आणि तुमचा सीजीपीए ८ आहे असं धरा. दहा वजा आठ म्हणजे दोन. भागिले सहा, गुणिले तीन, अधिक एक. उत्तर २.०. टक्केवारीत ७० असतील आणि उत्तीर्णता ४० ला असेल तर उत्तर २.५ येतं. काही अभ्यासक्रमांत २.५ ही प्रवेशाची शेवटची सीमा असते. किमान उत्तीर्ण गुण सूत्रात भागाकाराला येतात, म्हणून गुणपत्रिकेच्या मागे छापलेली ती ओळ स्कॅन करायला विसरू नये.

निवडीचा खरा कागद

प्रत्येक जर्मन अभ्यासक्रमाचं एक ‘मोडुलहांडबुख’ असतं, विभागाच्या पानावर सर्वांसाठी खुलं. त्यात प्रत्येक विषयाची नोंद असते: तो कोण शिकवतो, कोणत्या सत्रात, किती श्रेयांकांचा, कोणत्या भाषेत, आधी काय आलं पाहिजे, परीक्षा लेखी की तोंडी. माहितीपत्रकातले चकचकीत फोटो जे सांगत नाहीत ते सगळं या रुक्ष कागदात असतं. दीडशे-दोनशे पानं असली तरी ती वाचावीत, हा माझा आग्रह आहे.

वाचताना काय पाहावं? एक, सक्तीचे विषय किती आणि निवडीचे किती. अनुभवी माणसाला निवडीला वाव हवा असतो. पदवीला शिकलेलं पुन्हा शिकायला तो आलेला नसतो. दोन, भाषा. अभ्यासक्रम ‘इंग्रजीत’ म्हणून जाहीर झालेला असतो, पण निवडीच्या यादीतले अर्धे विषय जर्मनमध्ये निघतात. तीन, प्रबंध किती श्रेयांकांचा आहे आणि तो कंपनीत जाऊन करता येतो का. चार, विषय शिकवणाऱ्यांची नावं. त्यांच्या संशोधनगटाचं पान उघडून गेल्या दोन-तीन वर्षांत काय काम झालं ते पाहिलं, की ‘मोबिलिटी’ किंवा ‘स्मार्ट सिस्टिम्स’ अशा भारदस्त नावामागे प्रत्यक्षात काय शिकवतात हे उघड होतं.

याच्याच जोडीला ‘प्रुफुंग्सओर्डनुंग’ नावाची परीक्षा-नियमावली असते. ती न वाचता गेलेल्यांना मोठा फटका बसू शकतो. आपल्याकडे एटीकेटी लागली तर विषय पुन्हा पुन्हा देता येतो. जर्मनीत बहुतेक ठिकाणी एका परीक्षेला साधारण तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं की प्रवेश रद्द होतो आणि तोच अभ्यासक्रम बहुधा देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही करता येत नाही. विद्यार्थी म्हणून मिळालेला परवाना प्रवेशावरच उभा असल्याने तोही धोक्यात येतो. पाच वर्षं पुस्तकापासून दूर राहिलेल्या माणसाने गणिताचे तीन सक्तीचे पेपर असलेला अभ्यासक्रम निवडायचा की नाही, हे ठरवण्याची जागा ही नियमावली आहे.

युनिव्हर्सिटेट की होखशूल

उच्च शिक्षणाच्या दोन मुख्य वाटा तिथे आहेत. ‘युनिव्हर्सिटेट’ संशोधनाकडे झुकलेली. तांत्रिक क्षेत्रात आखेन, म्युनिक, ड्रेस्डेन, स्टुटगार्ट, डार्मस्टाट वगैरे नऊ विद्यापीठांचा ‘टीयू-नाइन’ हा गट प्रसिद्ध आहे. दुसरी ‘होखशूल फ्युअर आंगेवांट विसेनशाफ्टन’, म्हणजे उपयोजित विज्ञानांची संस्था. तिला जुन्या नावाने एफएच म्हणतात. आपल्याकडे ऐकणाऱ्याला ती दुय्यम वाटते, आणि त्यामुळे फार चांगले पर्याय यादीतून गळतात. एफएचमध्ये प्राध्यापक होण्यासाठी डॉक्टरेटबरोबर साधारण पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, त्यातली किमान तीन वर्षं विद्यापीठाबाहेरची. म्हणजे शिकवणारा माणूस स्वतः कारखान्यातून किंवा कंपनीतून आलेला असतो. वर्ग लहान असतात, प्रकल्प स्थानिक उद्योगांचे असतात. स्टुटगार्टजवळचं एस्लिंगेन, बव्हेरियातलं इंगोलश्टाट ही अशी गावं आहेत, जिथे शिक्षण आणि उद्योग एकमेकांच्या दारात आहेत.

पुढे पीएचडी करायचा पक्का विचार असेल तर युनिव्हर्सिटेट सोयीची, कारण डॉक्टरेट देण्याचा अधिकार मुख्यतः तिच्याकडे आहे. काही राज्यांनी तो एफएचलाही मर्यादित प्रमाणात दिला आहे. डिझाइन, उत्पादन, गुणवत्ता-नियंत्रण अशा कामांत परत जायचं असेल तर एफएचमधलं मास्टर्स कमी दर्जाचं मानायचं कारण नाही. दोन्हींची पदवी कायद्याने समान आहे.

खासगी संस्थांची गोष्ट वेगळी. इकडच्या काही एजंटांना खासगी संस्था दर प्रवेशामागे कमिशन देतात. सरकारी विद्यापीठ असं देत नाही. त्यामुळे सल्ला ‘मोफत’ असला तरी त्याचा कल कुणीकडे आहे हे ओळखावं. खासगी संस्था चांगलीही असू शकते, पण ती ‘श्टाटलिश आनेरकांट’, म्हणजे राज्याने मान्यता दिलेली, आहे ना, अभ्यासक्रम अधिस्वीकृत आहे ना, आणि वर्ग प्रत्यक्ष भरतात की बरंचसं ऑनलाइन चालतं, हे तपासावं. शेवटच्या मुद्द्यावर व्हिसा अडू शकतो. जर्मन कुलगुरू परिषदेचं ‘होखशूलकोम्पास’ आणि डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची इंग्रजी अभ्यासक्रमांची यादी हे दोन्ही शोध फुकट आणि विश्वासार्ह आहेत. एजंटकडे जायच्या आधी तिथे दोन रविवार घालवावेत.

पैसा, वय आणि भाषा

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य, जिथे स्टुटगार्ट आणि कार्ल्सरुहं आहेत, २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावलं. मास्टर्ससाठी ते अभ्यासक्रमानुसार सत्राला ४,००० ते ६,००० युरो आहे. व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची रक्कम ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, आणि तिथे गेल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर जवळपास बारा लाख रुपये झाले. त्यात सुटलेला पगार मिळवा. वर्षाला आठ लाख मिळवणाऱ्याचे दोन वर्षांत सोळा लाख बुडतात, आणि घरकर्जाचा हप्ता किंवा आईवडिलांचा खर्च त्याच्यावर असेल तर तो थांबत नाही.

वयाचा मुद्दा आरोग्यविम्यातून येतो. विद्यार्थ्यांसाठीचा सवलतीचा सार्वजनिक विमा, दरमहा दीडशे युरोंच्या आसपासचा, वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत मिळतो. तिशी ओलांडून येणाऱ्याला साधारणपणे खासगी विमा घ्यावा लागतो. त्यात कोणते आजार वगळले आहेत हे बारकाईने वाचावं. २९ व्या वर्षात असलेल्याने ‘आणखी एक वर्ष थांबतो’ म्हणताना हे लक्षात घ्यावं.

विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. आपल्या क्षेत्रातल्या कंपनीत आठवड्याला वीस तासांपर्यंत ‘वेर्कश्टुडेंट’ म्हणून काम करण्याची पद्धत रुजलेली आहे. प्रवेशाच्या वेळी ज्या अनुभवाला फारसं कुणी विचारलं नाही, तो इथे कामी येतो. कॅटिया चालवलेला, सप्लायरशी भांडलेला, एखादा भाग उत्पादनापर्यंत नेलेला माणूस कंपनीला हवा असतो.

त्यासाठी जर्मन भाषा मात्र पाहिजे. इंग्रजी अभ्यासक्रमाला कागदावर ती लागत नाही, पण नोकरीच्या मुलाखतीत लागते, विशेषतः मोठ्या शहरांबाहेरच्या मध्यम कंपन्यांत. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे जर्मनचे वर्ग चालतात. नोकरी चालू असतानाच बी-१ पातळी गाठून निघालेला विद्यार्थी आणि ‘तिथे गेल्यावर शिकू’ म्हणणारा विद्यार्थी यांच्यातलं अंतर दुसऱ्या सत्रात दिसू लागतं.

एक वर्ष आधीपासून

हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं. त्याची सर्वसाधारण अंतिम तारीख १५ जुलै असली तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठी अनेक विद्यापीठं मे अखेर, काही तर मार्चमध्येच दार लावतात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या तपासणीचं प्रमाणपत्र, सक्तीचं आहे. शुल्क १८,००० रुपये, आणि अनेक विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात. बरीच विद्यापीठं अर्ज ‘उनी-असिस्ट’ या सामायिक यंत्रणेमार्फत घेतात. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात. म्हणून वीस ठिकाणी अंदाजाने अर्ज टाकण्यापेक्षा नीट जुळवलेले सहा-सात अर्ज बरे. ट्रान्सक्रिप्ट, सिलॅबस, एपीएस, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रं हे नोकरी करता करता जमवायला सहज सहा महिने लागतात. आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आत सुरुवात झाली पाहिजे.

मास्टर्स हवंच का?

नोकरी केलेल्या माणसाने हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारायला हवा. उद्देश जर्मनीत काम करणं एवढाच असेल, तर पदवी आणि अनुभवाच्या बळावर नोकरी मिळवून ‘ब्लू कार्ड’ या परवान्यावर थेट जाता येतं. जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्ट’ नावाचा, तिथे जाऊन नोकरी शोधण्याचा परवानाही सुरू झाला आहे. आपली पदवी तिथे कशी धरली जाते याचं अधिकृत प्रमाणपत्र २०८ युरोंत मिळतं. मास्टर्सच्या बाजूनेही सबळ कारणं आहेत: क्षेत्र बदलता येतं, पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात, आणि तिथली पदवी घेतलेल्याला शिक्षणाला साजेशा नोकरीच्या दोन वर्षांनंतर, भाषा आणि इतर अटी पूर्ण केल्यास, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. पण ज्याला क्षेत्र बदलायचं नाही आणि शिकायची ओढही नाही, त्याने केवळ सगळे जातात म्हणून दोन वर्षं आणि पंचवीस-तीस लाख खर्चू नयेत.

जायचं ठरलं तर पहिलं काम अगदी साधं आहे. मनात असलेल्या एका अभ्यासक्रमाचं मोडुलहांडबुख उतरवून घ्या. कागदाच्या डाव्या बाजूला त्याचे विषय लिहा, उजव्या बाजूला तुम्ही पदवीला शिकलेले विषय आणि नोकरीत केलेली कामं. जिथे दोन्ही बाजू जुळतात तिथे तुम्हाला प्रवेश मिळेल. डाव्या बाजूला जे आहे आणि उजवीकडे नाही, ते शिकण्यासाठी तुम्ही जाता आहात. डावीकडे नवं काहीच उरत नसेल तर तो अभ्यासक्रम सोडून द्या. फारच थोडं जुळत असेल तरीही सोडा, कारण तिथे तीन संधींचा नियम तुमची वाट पाहतो आहे. असे सात-आठ कागद भरले की कोणत्या विद्यापीठात अर्ज करायचा हे कुणाला विचारावं लागत नाही, आणि एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्रात, काय लिहायचं हेही तिथेच सापडतं. नोकरीच्या वर्षांत तुम्ही रोज ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष वस्तू समोरासमोर ठेवून तपासत आला आहात. तीच नजर आता स्वतःच्या पुढच्या दोन वर्षांवर वापरायची आहे, आणि ती कोणत्याही सल्लागाराच्या नजरेपेक्षा अधिक विश्वासाची आहे.